उतरलेला आकडा

मित्रांनो, रोजगार नोंदणी कार्यालयात शिरताच डाव्या हाताला जे करडे यंत्र दिसते ना, ते मी. टोकन देणारे एक जुने यंत्र. माझे बटण दाबले की पोटातून नंबर छापलेला कागद बाहेर येतो. तो घेऊन माणसाने बाकावर बसायचे आणि खिडकीतून हाक येण्याची वाट पाहायची.

एका छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली. मला इथे बसवले तेव्हा रांगेतली ढकलाढकली थांबली, म्हणून माझे फार कौतुक झाले. तेव्हा दिवसाला तीस-चाळीस माणसे यायची, बहुतेक नुकतीच शिकून बाहेर पडलेली. बटण दाबताना ती हसायची. मग सूतगिरणी बंद पडली आणि तीन-तीनशे नंबर निघू लागले. पुढे छापखाने गेले, मग दुकानांतले हिशेबनीस, मग टाय लावलेले लोक. आता कुणी हसत नसे. नुसती बोटे यायची. सुरुवातीला मला वाईट वाटे. नंतर तेही वाटेनासे झाले.

त्यांत एक बोट छापखान्यातल्या मशीनमनचे होते. वय बावन्न, नखांत मुरलेली शाई. अकरा महिने ते दर सोमवारी आले. खिडकीमागच्या कारकून ताई त्यांना काका म्हणत.

"काका, या आठवड्यातही काही नाही."

"असू दे ताई. पुढच्या सोमवारी येतो."

नखांतली शाई फिकी होत गेली आणि एक दिवस दिसेनाशी झाली. त्यानंतर काका आले नाहीत.

त्या सुमारास माझे नंबरही कमी होऊ लागले. महिनाअखेरीस कार्यालयाचे साहेब माझा एकूण आकडा लिहून नेतात. त्या महिन्यात ते खुशीत होते.

"बघा, आकडा उतरला. शहराची परिस्थिती सुधारतेय."

"पण साहेब, नोकऱ्या तर आल्याच नाहीत," ताई म्हणाल्या. "मग माणसं गेली कुठे?"

"आपण आलेल्यांची मोजणी करतो, बाई. न आलेल्यांची नाही."

साहेब गेल्यावर ताईंनी काकांचा अर्ज शोधला आणि फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"आजारी आहेत का?"

"नाही हो. ताप नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. वाढलं की जेवतात. काम शोधणं सोडलंय त्यांनी."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, आमचं टोकनचं यंत्र अडकलंय. इथे कुणाला उघडता येत नाही. सोमवारी पाना घेऊन या म्हणावं."

मी अजिबात अडकलेले नव्हते.

सोमवारी काका आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणे वर-खाली लागलेली. त्यांनी माझे झाकण उघडले, रूळ फिरवला, कान लावला.

"ताई, याला काही झालेलं नाही."

"नीट बघा ना, काका."

त्यांनी ताईंकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग खाली बसून त्यांनी माझा एकेक भाग फडक्याने पुसला. मला काय वाटले, सांगता येत नाही. बहुधा काहीच नाही, फक्त रूळ हलका फिरू लागला. झाकण लावून त्यांनी बटण दाबले, एकसष्ट नंबर घेतला आणि बाकावर जाऊन बसले.

त्या दिवशीही त्यांच्यासाठी काम नव्हते. पण पुढच्या सोमवारी ते आले, आणि छापखान्यातल्या दोन सोबत्यांना घेऊन आले. तेही कित्येक महिने घरीच बसून होते. महिनाअखेरीस आकडा थोडा चढला, तेव्हा साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

मित्रांनो, मला फक्त आलेली माणसे मोजता येतात. तुमच्या ओळखीचे कुणी यायचे थांबले असेल, तर त्याच्या घरी एक फोन करा. काहीतरी कारण सांगून बोलवा. कारण खोटे असले तरी चालेल.