शिक्का लागलेला पावडरचा डबा

मी पावडरचा एक डबा. गळ्याभोवती सुतळी, सुतळीवर लाखेचा लाल शिक्का, आणि पोटात काय आहे ते मलाच नीट ठाऊक नाही. पाठीवर घटक छापलेत : टाल्क, रंग, सुगंध. पहिले दोन समजतात. तिसऱ्या शब्दाआड किती रसायने आहेत, हे मला भरणाऱ्या बायकांनाही कुणी सांगितले नाही.

सिरसाळ्याच्या महिला सहकारी संस्थेत माझा जन्म झाला. दुष्काळाचे दुसरे वर्ष. टँकर आठ दिवसांनी यायचा. अंघोळीला पाणी नाही म्हणून लोक अंगाला पावडर फासून लग्नाकार्याला जात. आमचा खप वाढला. शहरातल्या व्यापाऱ्याकडून मोगऱ्याच्या वासाचा कॅन यायचा. अध्यक्ष सिंधुबाई माप ओतायच्या, मनकर्णा डबे भरायची.

चैत्रात मनकर्णाची मान लाल होऊन सोलली.

"आक्का, कॅन उघडला की आग व्हती."

"ऊन लई हाय बाई, समद्यांनाच व्हतंय," सिंधुबाई म्हणाल्या. बावीस बायकांची चूल त्या कॅनवर होती.

गावातल्या भगवानरावांनी, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी, शेवटी त्या सुगंधाची तपासणी करा म्हणून सरकारकडे अर्ज केला. तीनदा लिहून फाडला, चौथ्यांदा पाठवला. निरीक्षक आले. त्यांनी तीन डब्यांना शिक्के मारले. एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी, आणि मी संस्थेकडेच. "शिक्का मोडू नका," एवढे बजावून गेले.

हरवू नये म्हणून सिंधुबाईंनी मला काउंटरवर ठेवले. तिथेच घोळ झाला.

"सरकारी शिक्का हाय बे! पास झालेला माल," एक गिऱ्हाईक दुसऱ्याला म्हणाले आणि दोघांनी दोन-दोन डबे घेतले. सिंधुबाईंनी काही सांगायला तोंड उघडले होते, ते मिटले. संशयाची खूण गावाने शाबासकी समजली. मला ओरडावेसे वाटे. पण ओरडून काय सांगणार होतो? कदाचित मी निर्दोषही असेन.

शेजारच्या बायनाबाई बारा दिवसांच्या नातीसाठी आल्या. "ह्या शिक्केवाल्याचाच भाऊ द्या," म्हणाल्या. सिंधुबाईंनी दिला.

आषाढ कोरडाच चालला होता, तेव्हा अहवाल आला. शिसे मर्यादेत. आर्सेनिक मर्यादेत. जंतू मर्यादेत. सुगंध : नाव डब्यावर छापलेले आहे, वेगळी तपासणी केली नाही.

"सर, तुमचा अर्ज खोटा निघाला की!" सिंधुबाई हसल्या.

भगवानरावांनी चष्मा पुसला. "मी चुकलोही असेन. पण ज्याची तक्रार केली तेवढंच सोडून बाकी सगळं तपासलंय, सिंधुबाई."

दुसऱ्या दिवशी बायनाबाई नातीला घेऊन आल्या. बाळाच्या मानेच्या वळ्या सोलून लालभडक झाल्या होत्या. मला वाटले, आता भांडण होणार. पण त्या खाली मान घालून म्हणाल्या, "आमच्याच हातनं चुकलं असंल. पाणी न्हाई, नुसतं पुसून काढतो. अजून एक डबा द्या. सरकारी हाय तर दोनदा लावावं म्हन्ते."

सिंधुबाईंच्या हातात अहवाल होता. तो पुढे केला असता तर कुणी काही बोलले नसते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बायनाबाई, ह्यो शिक्का पास झाल्याचा न्हाई. संशय आला म्हणून लावलाय."

"मग आतापस्तोर कावून न्हाई सांगितलं?"

सिंधुबाईंनी पिण्याच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि बाळाची मान धुतली. मग दुसरा तांब्या भरला. टँकर यायला अजून पाच दिवस होते.

व्यापाऱ्याला फोन करून कॅनमध्ये काय आहे ते विचारले, तर तो म्हणाला, "कंपनीचं गुपित आहे." आता संस्था बिनवासाची पावडर भरते. ती निम्मीही खपत नाही. काही बायका माझ्याकडे पाहून बोटे मोडतात. त्यांचे चुकते असेही मला म्हणवत नाही.

भगवानरावांनी नवा अर्ज केला आहे, म्हणून मला कपाटात जपून ठेवलेय. सरकारला माझे एवढेच मागणे आहे : मला उघडाल तेव्हा तो तिसरा शब्दही उघडा. त्यात वाईट काही नसेल तर तसे लिहा, सर्वांत जास्त हायसे मलाच वाटेल. तोवर मात्र माझ्या गळ्यातली लाख बघून कुणी तान्ह्या बाळासाठी डबा मागू नका.