पहारीचं काम

नीरजाने डिझेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पात्याच्या मोडलेल्या कडेवरून एकाच दिशेने फिरवला आणि पातं उन्हाकडे धरलं. टोकाकडचा दोन बोटांचा तुकडा नव्हता. उरलेलं पातं वीतभर, काळं, पाठीला जाड. मुठीजवळ तिच्याच कारखान्याचा शिक्का होता.

"कुठं सापडली ही?"

"गोठ्यात, पोत्याखाली होती, ताई." गोपाल या घरचा सालदार गडी. खांडेनवमीच्या पूजेसाठी तो सकाळपासून हत्यारं आणून ओट्यावर ओळीनं लावत होता. कुऱ्हाड, विळे, वखराची पास, पाने आणि पकडी. "म्या म्हटलं, इचीबी पूजा करा लागन."

"भंगेल हत्यार पूजेत मांडत नाहीत," शेषराव खाटेवरून म्हणाले. "घाल परत पोत्यात."

गोपालने हात पुढे केला. नीरजाने सुरी दिली नाही.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची बाग असलेलं हे तिच्या धाकट्या बहिणीचं, अश्विनीचं सासर. शेषराव अश्विनीचे सासरे. सुरी नीरजानेच दोन वर्षांपूर्वी दिवाळीला अश्विनीच्या नवऱ्याला, राजकुमारला दिली होती. रानात, बागेत दणकून वापरायची सुरी. कारखान्यात पाती तापवून त्यांना पाणी दिल्यावर ती नीट कडक झाली आहेत की नाहीत, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम नीरजाचं होतं. तिने होकार दिल्याशिवाय लॉट बाहेर जात नसे.

राजकुमार अंगणात ट्रॅक्टर धूत होता.

"कशी मोडली ही?"

"बाभूळ तोडता तोडता." त्याने मागे वळून पाहिलं नाही. "जाऊ द्या ना, ताई. झाले आता दिवस."

"जाऊ कशी देऊ? लाकूड तोडताना मोडली असेल तर पाणी चुकलंय. म्हणजे त्या लॉटमधली कुठलीही सुरी उद्या कुणाच्या तरी हातात मोडेल."

तो धुऊन झालेल्या मडगार्डवरच पुन्हा फडकं फिरवत राहिला.

आतून अश्विनीच्या सासूबाईंची, कोकिळाबाईंची हाक आली. "अश्विनी!"

"हो, आत्याबाई."

"तांब्या कुठी हाय वो?"

"तुमच्याजवळच आहे."

"हाव, हाव. हाय."

नीरजाच्या कपाळावर आठी पडली. काल संध्याकाळी ती आली तेव्हापासून हे चाललं होतं. मीठ कुठे आहे, किती वाजले, मांजर आत आलं का. अश्विनी पहाटेपासून उभी होती, चेहरा पार उतरलेला, आणि तरी दर थोड्या वेळाने तिला हाक. आषाढात तिचं दुसरं बाळही जन्मताच गेलं होतं. नीरजा तेव्हा धावत आली होती. पण कारखान्यात तपासणीची माणसं यायची होती, म्हणून लवकर परतली होती. पुढे फोनवर अश्विनी दर वेळी बरं आहे म्हणायची. काल रात्री ताटं उचलताना नीरजाच्या अगदी ओठांवर आलं होतं की, बाई, तिला जरा बसू द्या. तिने ते गिळलं होतं.

तिने पर्समधून भिंग काढलं. आधी मोडलेल्या कडेचा रंग पाहिला. जुनी चीर असती तर तिथे काळपट, गंजका डाग दिसला असता. तसा डाग नव्हता. कण बारीक होते, सगळीकडे एकसारखे, राखाडी. पाणी बरोबर होतं. तिच्या खांद्यांतला ताण किंचित उतरला.

मग तिने बाकीचं पाहिलं. मोडलेल्या कडेला एका अंगाला धातूचा बारीक ओठ उमटला होता, म्हणजे पातं आडवं वाकवलं गेलं होतं. पाठीवर ठोकल्याचे दणके होते, आणि त्यांत काळ्या दगडाची भुकटी घट्ट बसलेली. अंगावर लांब ओरखडे होते. एका ओरखड्यात निळ्या ऑइलपेंटचा कण अडकला होता.

"ही लाकूड तोडताना मोडलेली नाही," ती म्हणाली.

राजकुमारचा हात थांबला.

"कुणीतरी फटीत घातली, वरून दगडानं ठोकली आणि मग आडवी दाबली. पहारीसारखी."

"डोयात मशीन हाय का बाई तुमच्या?" शेषराव हसले. पण ते हसू लगेच विरलं, आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"राबवायलाच दिली होती ना तुम्ही?" राजकुमार म्हणाला.

"राबवा की. फांद्या तोडा, लाकडं फोडा, चिखलात टाका. ते सगळं सोसायलाच ती बनवलीय. पण पहारीचं काम सुरीला लावायचं नाही. तो गैरवापर झाला. अशी मोडलेली सुरी आम्ही बदलूनसुद्धा देत नाही." एवढं बोलल्यावर आपला आवाज शाळेतल्या बाईंसारखा लागतोय हे तिला जाणवलं, पण ती थांबली नाही. "चांगल्या वस्तूची माती करायची आणि वर लाकूड तोडताना मोडली म्हणायचं, हे मला पटत नाही."

कोकिळाबाई झेंडूची टोपली घेऊन उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

"मंग, पोलिसात देतं का मोडणाऱ्याले?" त्या म्हणाल्या. "म्या मोडली. माह्या हातानं."

"तुम्ही? कशासाठी?"

"काम होतं."

"घरात पहार नव्हती का?"

"होती ना. बागेत होती." त्यांनी टोपली खाली ठेवली. उजव्या तळहातावर एक पांढुरकी, आडवी खूण होती. तिच्यावर अजून नवी कातडी चमकत होती. "मले हातात जे घावलं ते घेतलं." मग आत वळून त्यांनी हाक मारली. "अश्विनी!"

"हो, आत्याबाई."

"काही नाही. दूध पाह्य."

राजकुमारने बादली उपडी केली. "तयार व्हा, ताई," तो हळूच म्हणाला. "पूजेची वेळ झाली."

नीरजाने सुरी खाटेच्या पायाशी ठेवली.

साडी बदलायला ती अश्विनीच्या खोलीत गेली. दार लोटलं आणि कडी लावायला सवयीने हात वर नेला. तिथे कडी नव्हती. स्क्रूंची चार भोकं होती आणि त्यांच्याभोवती रंग न लागलेल्या लाकडाचा उजळ चौकोन.

दार निळं होतं.

ती तिथेच उभी राहिली. मग तिने दार उघडून चौकटीची बाहेरची बाजू पाहिली. कडीच्या उंचीवर लाकूड उचकटलेलं होतं. वर रंगाऱ्याच्या लांबीचा लगदा भरून पुन्हा रंग दिला होता, आणि तो रंग बाकीच्या दारापेक्षा ताजा होता. तिने तिथे बोट फिरवलं. एका जागी बोटाला कठीण, थंड लागलं. केसांतली पिन काढून तिने लांबी जराशी खरवडली. आत पोलाद होतं. दोन बोटांचा तुकडा लाकडात खोल रुतून बसला होता.

ती पुन्हा आत आली. खोली नीटनेटकी होती. पलंगावर चादर, कोपऱ्यात शिलाई मशीन, तुळईखाली रिकामी जागा. आषाढात ती आली तेव्हा तुळईला पाळण्याचा हूक होता. तिला तो आठवत होता, कारण त्याच्याकडे बघायचं नाही असं तेव्हा दोघी बहिणींनी न बोलताच ठरवलं होतं. आता तो करवतीने कापून टाकला होता. लोखंडाचं बोटभर थोटूक उरलं होतं.

सुरी बाहेरून घातली होती. दार आतून बंद होतं.

नीरजा पलंगाच्या कडेला बसली. हातातली साडी तिने मांडीवर ठेवली, आणि तिची घडी होती तशीच राहिली.

"झालं का, ताई?" अश्विनी दारात आली. तिने नीरजाकडे पाहिलं, चौकटीखाली सांडलेल्या लांबीच्या भुकटीकडे पाहिलं आणि आत येऊन शेजारी बसली. 

"कधी?" नीरजाने विचारलं.

"पोळ्याच्या आधी."

"घरात कोण होतं?"

"आत्याबाई. बाकीचे सगळे बागेत होते." अश्विनी स्वतःच्या बांगड्या एकेक करून मागेपुढे सरकवत होती. "वरवंट्यानं ठोकत होत्या. मला आवाज येत होता."

"आणि मला कुणी कळवलं नाही."

"मीच नको म्हटलं. पाया पडले त्यांच्या. तू आली असतीस, मला घेऊन गेली असतीस."

"मग? नेलंच असतं."

"मग तिथं तू दिवसभर कारखान्यात." ती हे दोष दिल्यासारखं बोलली नाही. "आणि मी त्या खोल्यांत. इथं निदान..."

"अश्विनी!" बाहेरून हाक आली.

"हो, आत्याबाई."

उत्तर देताना तिने मान वर केली नाही. अर्धवट राहिलेलं वाक्यही पुन्हा उचललं नाही.

"काय हवंय त्यांना?" नीरजाने विचारलं.

"काही नाही. मी ओ देते का ते बघतात."

"दिवसभर?"

"रात्रीसुद्धा. दाराबाहेर निजतात." अश्विनीने तिच्या मांडीवरची साडी घेतली आणि घडी मोडून पदर हातात दिला. "नेस आता. थांबलेत सगळे."

"डॉक्टरांना दाखवलंस, आशू?"

"हे नेतात खामगावला. गोळ्या चालू आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "काही दिवस बरे जातात."

नीरजाने आजचा दिवस कसा आहे हे विचारलं नाही. अश्विनीनेही सांगितलं नाही.

ओट्यावर धुतलेलं धोतर अंथरून शेषरावांनी हत्यारं मांडली होती. ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला होता. गोपाल पोत्याचं तोंड बांधत होता.

"पोत्यात घातली का ती?" नीरजाने विचारलं.

"हाव, ताई. बाबांनी सांगतलं."

"सोड पोतं."

त्याने शेषरावांकडे पाहिलं आणि गाठ सोडली. नीरजाने सुरी काढली. पाठीच्या दणक्यांत बसलेली काळी भुकटी तशीच ठेवून बाकीचं पातं पदराने पुसलं, आणि ती ओळीच्या टोकाला, विळ्यांच्या शेजारी ठेवली.

"बाई, भंगेल हत्यार..." शेषरावांनी बोलायला सुरुवात केली. मग त्यांची नजर बायकोकडे गेली.

कोकिळाबाई खाली बसल्या. कुऱ्हाडीचा दांडा धरून त्यांनी ती बाजूला सारली, मधे जागा केली आणि सुरी तिथे सरकवली. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावत त्या सुरीपाशी आल्या. टोक नव्हतं. बोट क्षणभर तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी मोडलेल्या कडेवरच कुंकू टेकवलं.

"मघाशी मी बोलले ते..." नीरजा त्यांच्या कानाशी म्हणाली.

"तू खरंच बोलली. खराब झाली ते." त्यांनी हात पदराला पुसला. "दुसरी देतं का? घरात असावी एखांदी."

 नीरजाने मान डोलावली.

अश्विनी शिऱ्याचं ताट आणायला आत गेली आणि आरती सुरू झाली. राजकुमारने घंटी घेतली. वारा होता, म्हणून कोकिळाबाई एका हाताने तबक ओवाळत होत्या आणि दुसऱ्या हाताने ज्योत आडोशाला धरत होत्या. एक कडवं झालं. दुसरं निम्मं झालं. त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली, हत्यारांवर आली आणि पुन्हा दाराकडे गेली. ओठ आरती म्हणत होते, पण आवाज बंद झाला होता.

"आशू!" नीरजाने हाक मारली.

आतून काही ऐकू आलं नाही.

राजकुमारच्या हातातली घंटी थांबली. शेषराव खाटेवरून अर्धवट उठले. गोपाल एकटाच टाळ्या वाजवत राहिला. वाऱ्याने आतलं दार चौकटीवर आपटलं आणि कडी नसल्यामुळे पुन्हा उघडलं.

"हो ताई. काय गं?"



"काही नाही," नीरजा म्हणाली.

कोकिळाबाईंनी राहिलेलं कडवं पुढे म्हणायला सुरुवात केली.