घराण्याचा रकाना

सुराला जात नसते, असं नानासोंनी सांगलीच्या सभागृहात छातीवर हात ठेवून जाहीर केलं. टाळ्या थांबल्यावर त्यांनी असंही सांगितलं, की अर्जातला जातीचा रकाना ज्यांनी कोरा ठेवलाय त्यांनी तो आत्ताच भरून द्यावा, त्याशिवाय कुणालाही गायला बसवणार नाही.

अंजनानं तो भरला होता. कोरा होता तो त्याखालचा. नानासोंच्या संगीत मंडळानं चौऱ्याहत्तर साली नवी शिष्यवृत्ती काढली होती. ज्यांच्या घरात कुणी कधी तंबोऱ्याला हात लावला नाही, अशा एका पोराला किंवा पोरीला मिरजेच्या बिराप्पाबुवांकडं चार वर्षं गाणं शिकायला ठेवायचं, जेवणखाण मंडळाचं. मिळाली तर अंजनाचं गाणं पुढं चालणार. नाही मिळाली तर जूनपासून कराडला शिवणाचा वर्ग. तिथं आबांनी तिचं नाव घालूनही ठेवलं होतं. फौजेत अठरा वर्षं काढलेला तिचा बाप, माघारीचा रस्ता आधी बघून ठेवल्याशिवाय कोयनानगरहून हलायचा नाही.

तिची पाळी आली. सचिवांनी चष्मा पुसला आणि अर्ज वाचला.

“घराणं लिहिलेलं नाही. घराणं कुठलं?”

अंजना तोंड उघडणार, तोच आबा उठून सावधानमध्ये उभे राहिले. एकदा लिहून दिलं तरी ही माणसं आडवळणानं पुन्हा तेच विचारतात, हा त्यांचा अनुभव होता, आणि आजवर तो बहुतेक खराच ठरला होता.

“बौद्ध,” ते म्हणाले. “छप्पन सालापासनं.”

मंडळातल्या कुणालाही हे घराणं ठाऊक नव्हतं आणि तसं कबूल करायची कुणाची तयारी नव्हती. नानासोंनी मान डोलावली. न कळलेल्या जागेला दाद द्यायची त्यांची जुनी सवय होती. एक सभासद म्हणाले, छप्पन म्हणजे तसं अलीकडचंच. दुसऱ्यांनी त्यातली आलापी फार शांत असते असं सांगितलं. पुण्यात एकदा ऐकल्याचंही त्यांना आठवलं. सचिवांनी रकान्यात लिहून टाकलं.

घराणं म्हणजे गाण्याची परंपरा, हे अंजनाला माहीत होतं. कॉलनीतल्या इंजिनिअरच्या बायकोनं, लीलाबाईंनी, तिला दोन वर्षं शिकवताना ते सांगितलं होतं, आणि बदली होऊन जाताना हा अर्जही त्यांनीच हातात ठेवला होता. आता गप्प बसलं तर काम होतंय, हे तिला दिसत होतं. पण मंडळासोबत बसलेले बिराप्पाबुवा पुढं वाकले आणि म्हणाले, “मग त्या घराण्याची एखादी चीज म्हण बघू.”

“तसलं घराणं न्हाई, बुवा,” अंजना म्हणाली. “आबांना वाटलं, तुमी जात इचारली. मला नुसता भूप येतो. दोन वर्सांचा.”

आबा खाली बसले. दोन्ही सभासद छताकडं बघू लागले. बुवा हसले नाहीत. त्यांनी गा म्हणून खूण केली आणि ती गात होती तोवर डोळे मिटून बसले.

“सा पक्का हाय तुजा,” ते शेवटी म्हणाले. “घरात तंबोरा न्हाई, मग सूर कशावर धरतीस?”

“घरामागं ट्रान्सफॉर्मर हाय. त्यो दिवसभर घुमतो.”

“आन् लाइट गेल्यावर गं?”

“तवा सुट्टी.”

बुवांनी सचिवांकडून अर्ज ओढून घेतला, रकान्यात लिहिलेलं खोडलं आणि सोमवारी अंथरूण-पांघरूण घेऊन यायला सांगितलं. आबांना काहीतरी बोलायचं होतं. ते जमेना, म्हणून ते पुन्हा सावधानमध्ये उभे राहिले.

नानासोंना मात्र सगळं जमलं. सतरंजीवर आबांच्या रिकाम्या जागेवर येऊन ते ऐसपैस बसले आणि बोलू लागले. युगानुयुगं बंद असलेलं दार आज उघडलं म्हणाले, उपेक्षितांना हक्काची जागा मिळाली म्हणाले, सांगलीनं देशाला वाट दाखवली असंही म्हणाले. शेवटी गहिवरून त्यांनी अंजनाला विचारलं, की या ऐतिहासिक क्षणी तुझ्या मनात काय आहे ते दोन शब्दांत सांग.

“नानासो, जरा सरकता का?” ती म्हणाली. “आमाला चारची यष्टी धरायचीया, आन् आबांची टोपी तुमच्या खाली हाय.”