दोन बोटं वर

"हात बाहेर?" मी विचारलं.

"हो," गाडीखालून आवाज आला.

चेन माझ्या हातात होती. वर तुळईला अडकवलेल्या चेनब्लॉकवर आख्खं इंजिन टांगलेलं होतं, नेहमीच्या जागेपासून दोन बोटं वर. खाली लाकडी ठोकळे सरकवायचे, हात बाहेर काढायचा, मग मी चेन जराशी सोडायची आणि इंजिन ठोकळ्यांवर टेकवायचं, ही आमची पद्धत. आत हात घालणारा दिसत नाही, म्हणून विचारल्याशिवाय चेन सोडायची नाही. आत हात घालणारे आमचे हे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, रागात असले की मीसुद्धा.

गाडी होती दातांच्या डॉक्टरांची. म्हातारी गाडी, म्हातारे डॉक्टर. एवढी वर्षं मुकाट चाललेल्या गाडीला त्यांना आता इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्यांचे हेडर बसवायचे होते, आवाज भारदस्त यावा म्हणून. त्या नळ्या स्टिअरिंगच्या दांड्याला अडतात, इंजिन उचलल्याशिवाय आत जातच नाहीत. "दुसरीकडे नेली नाही," डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. "तुमच्या कानावर माझा भरवसा आहे." मिस्त्रींचं नाव कानामुळेच झालेलं. लोक गाडी दारात आणायचे आणि ती बंद करायच्या आधीच हे सांगायचे, कुठे काय ढिलं आहे ते.

त्या कानांना गेले चार महिने काही धड ऐकू येत नव्हतं. हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून मीही गप्प होते. चहात साखर घालू का, विचारलं तर "हो". मीठ घालू का, विचारलं तरी "हो". मी एकटीच हसले होते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

चेनला हिसका द्यायचा, एवढंच बाकी होतं. का कोण जाणे, मी तशीच चेन धरून खाली वाकले. त्यांचा हात आतच होता. चारही बोटं ठोकळ्यावर, ठोकळा सरळ करत होती.

मी ओरडले नाही. ओरडून काही उपयोग नव्हता. चेन तशीच ठेवली, वळसा घालून गेले आणि त्यांच्या पायाला हात लावला. ते सरकत बाहेर आले, उठून बसले.

"काय गं?"

मी माझा हात त्यांच्यासमोर धरला, बोटं पसरून, आणि वर टांगलेल्या इंजिनाकडे बघितलं. ते समजले. चेहरा उतरला त्यांचा. कपाळाला ग्रीस पुसत म्हणाले, "मला वाटलं, तू दुसरंच काही विचारलंस."

"हात बाहेर का, विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर डॉक्टर पेपर वाचत होते. मिस्त्रींनी आधी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कशाची भीती वाटत होती, ते मला नीट ठाऊक होतं. बोटांची नव्हती.

"आजपासून चेन तुमच्याकडे," मी हळू, ओठ नीट हलवत म्हणाले. "आत हात माझा. मूठ दाखवली की थांबायचं, पंजा दाखवला की सोडायचं."

"तुला जमायचं नाही."

"सत्तावीस वर्षं तुमच्या डोक्यावर उभी आहे. बघून बघून भिंतीलाही जमलं असतं."

ते हसले. उठले, चेन धरली. मी साडीचा पदर खोचला आणि खाली शिरले. ठोकळा बसवला, हात बाहेर काढला, पंजा दाखवला. इंजिन इतकं अलगद टेकलं की मला त्यांचा अभिमान वाटला. मग दोघांनी मिळून त्या नळ्या आत घातल्या, गॅस्केट लावलं, नट आवळले. पुन्हा उचललं, ठोकळे काढले, इंजिन जागेवर बसवलं. एक नट माझ्या हातून तीनदा पडला. तिन्ही वेळा मिस्त्रींनी तो मुकाट्याने उचलून दिला. एरवी पहिल्यांदाच माझा उद्धार झाला असता.

दुपारी डॉक्टरांनी स्वतः चावी फिरवली. गाडी जोरात गुरगुरली. डॉक्टर खाली उतरून मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मिस्त्री इंजिनावर वाकले. सवयीने डोळे मिटले. "झकास आहे" म्हणाले असते तर डॉक्टर खुशीत घरी गेले असते, आणि मीही काही बोलले नसते.

त्यांनी डोळे उघडले.

"मला हल्ली ऐकू येत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू सांग. कसा आहे आवाज?"

मी वाकले. त्या गुरगुरीतून आधी काही वेगळं ऐकू येईना. मग आलं.

"तिसऱ्या नळीपाशी टिकटिक आहे. बारीक."

त्यांनी तिसऱ्या नळीच्या नटाला पाना लावला आणि पाव फेरा दिला, नटाकडे न बघता, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी मान हलवली, नाही. आणखी थोडा दिला. टिकटिक थांबली, तशी त्यांनी माझ्या सांगण्याआधीच पाना काढून घेतला.