कंसातल्या बिजागऱ्या

कलम एक : कंस

दोन देश व्यापाराचा करार करायला बसले की आधी मसुदा लिहितात, आणि ज्यावर एकमत नाही ते चौकटी कंसात टाकतात. कंस आहे तोवर भांडण आहे. तो आतल्या शब्दांसकट पुसला गेला की विषय संपला, मग कुणी कितीही डोकं आपटो.

या करारात असं होतं : श्रीमंत देशाच्या मालावरचा आयातकर शून्य होईल [बिजागऱ्या वगळून] [दाराच्या कड्या वगळून].

कंस घातले होते व्यापार खात्याने, जीव अडकला होता त्याच खात्यात नोकरीला असलेल्या वहिनींचा. त्यांचे धाकटे दीर घरामागच्या शेडमध्ये पितळी बिजागऱ्या करत. दोन प्रेस, एक भट्टी, पाच माणसं. धाकट्या जावेचा भाऊ पलीकडच्या गल्लीत कड्या करी. बिजागरी नेणारं गिऱ्हाईक कडीही नेई, त्यामुळे दोन्ही संसार एकाच दाराला लटकलेले. कर उठला तर तिकडची तयार बिजागरी इकडच्या नुसत्या पितळेच्या भावात येणार होती.

ऑफिसात वहिनींना मॅडम म्हणत. त्यांनी पहिल्याच बैठकीआधी साहेबांना सांगून टाकलं होतं, "सर, बिजागऱ्या माझ्या घरात होतात."

"मग त्यावर तुम्ही बोलायचं नाही," साहेब म्हणाले. "मी आहे ना."

कलम दोन : साहेबांचा नकार

साहेबांनी अख्ख्या नोकरीत कुणाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं. रजा मागा, बदली मागा, नवं कपाट मागा. साहेब चष्मा काढून पुसायला लागले की समजून परत फिरायचं. एक काच पुसली तर पुढच्या महिन्यात विचारून बघा. दोन्ही पुसल्या तर नादच सोडा. शिपाई दारातच सांगे, "आज काचा लखलखतायत. उद्या या."

वहिनींना यात नवल वाटत नसे. घरीही तेच. सासऱ्यांकडे स्कूटर मागितली की सासरे वर पंख्याकडे बघत. मागणारा मुकाट्याने बस पकडे.

कलम तीन : खोली

लांबलचक टेबल, अंगावर काटा आणणारा एसी, भिंतीवरच्या पडद्यावर मसुदा. समोरच्यांकडे दर विषयाला वेगळा माणूस. चिनीमातीच्या कपबश्यांनाही एक होता. इकडे सगळ्या विषयांना मिळून पाच जण. पुढे साहेब, बाकीचे मागच्या रांगेत. मागच्या रांगेने चिठ्ठ्या द्यायच्या, तोंड उघडायचं नाही.

समोरच्या प्रमुख बाई मोठ्या अगत्याच्या. रोज साहेबांच्या गुडघ्याची चौकशी करत. त्या म्हणाल्या, "तुमचे कपडे आमच्याकडे करमुक्त येणार. तुमच्या मंत्र्यांना निवडणुकीआधी सही हवीय. त्यात बिजागऱ्यांवर कशाला अडायचं? हा कंस काढू या?"

साहेबांनी चष्मा काढला. डावी काच पुसली. मग उजवी.

कपड्यांचा विषय बघणारा सहकारी वहिनींच्या कानाशी कुजबुजला, "दोन्ही. सुटलात."

वहिनी पाठ टेकून बसल्या.

बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "कुणाची हरकत दिसत नाही. आभारी आहे." आणि पडद्यावर उरलं : आयातकर शून्य होईल [दाराच्या कड्या वगळून].

साहेबांनी चष्मा घातला, पडदा वाचला आणि खिडकीबाहेर बघू लागले.

[मी बोलायचं नाही असं ठरलंय.]

[चिठ्ठी लिहीपर्यंत ते पुढच्या कलमावर जातील.]

[शेड.]

"हरकत आहे," वहिनी म्हणाल्या. "साहेब नाही म्हणाले."

बाईंना खरंच कळेना. "केव्हा?"

"चष्मा पुसला तेव्हा."

कुणीतरी हसलं, पण एकट्यानेच.

"आणि आपण?"

"माझे दीर बिजागऱ्या करतात."

"मग हे तुमच्या तोंडून कसं धरू? प्रमुखांनीच सांगावं."

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"नाही," साहेब म्हणाले. अनोळखी गावात पत्ता विचारावा तसा आवाज. घोटभर पाणी पिऊन पुन्हा म्हणाले, "बिजागऱ्या नाही."

पडद्यावर कंस परत आला. वहिनींना मात्र बाहेर जावं लागलं. घरचा संबंध खोलीत बोलून दाखवल्यावर आत थांबता येत नाही. दाराच्या काचेतून त्यांना दिसलं. बाई हसून काहीतरी विचारत होत्या. साहेबांनी चष्म्याला हात लावला नाही. नुसती मान डोलावली. दुसरा कंस गेला.

जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर आले. "मॅडम, त्यांनी मला एकच 'नाही' दिलं. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्यांनी कपड्यांवर हात घातला असता. तिथे हजारो बाया शिवणावर बसल्यात."

वहिनींनी मान खाली घातली. साहेब पुढे म्हणाले, "आणि यापुढे तुम्ही मागच्या रांगेतही नाही." हे त्यांनी सरळ सांगितलं. आता सवय लागली होती.

कलम चार : अंमलबजावणी

शेडमध्ये एक प्रेस चालू होती. दिरांनी ती बंद केली आणि हात फडक्याला पुसत म्हणाले, "बोला वहिनी. विकायची का भंगारात?"

"राहू द्या भाऊजी. बिजागऱ्या वाचल्या."

"अगं, चहा टाक," दीर घराकडे तोंड करून ओरडले, आणि उगाचच प्रेसच्या दांड्यावर थोपटलं.

जाऊ ओले हात पदराला पुसत आली. "ताई, आणि दादाच्या कड्या?"

वहिनींची नजर शेडच्या पंख्याकडे गेली. जावेनेही वर पंख्याकडे पाहिलं. तीही याच घरात नांदलेली. ती आत जायला वळली.

[कड्या गेल्या.]

"थांब," वहिनी म्हणाल्या. "कड्या गेल्या. मला बाहेर काढलं होतं. पण आत असते तरी कड्यांसाठी तोंड उघडलं असतं का, कोण जाणे."



"दादाला कोण सांगणार?" जावेने विचारलं.

"मी."

"मग चपला काढू नका." जाऊ आत गेली, गॅस बंद करून आली. "आणि तिथे वर बघायचं नाही. त्याच्याकडे पंखा नाहीये, पण तुम्ही छताकडे बघाल."