जिबाकूला निघालेला नातू

सुमिरा आजीने पाय आखडून सारोंगखाली घेतले आणि गालिह वाकला तो तसाच राहिला.

जोखमीच्या कामाला निघायचं तर घरातल्या थोर माणसाच्या पायाशी वाकायचं, त्याचा हात डोक्यावर पडला की मगच उंबरा ओलांडायचा, ही सुंबिंग डोंगराच्या उतारावरची रीत. गालिह तीन वर्षं जपानमधल्या कारखान्यात राहून आला होता, तरी या बाबतीत पक्का गावचाच.

"आजी, पाय दे."

"नाही."

"डोंगराला आग लागलीय, सगळी पोरं वर गेली. आग झऱ्यापर्यंत पोचली तर पाण्याचे पाइप जळतील. मग प्यायचं काय आपण?"

"मी आता असं किती पिणार आहे?"

सून लास्त्री चुलीपाशी बसून वर पाठवायचा भात पानांत बांधत होती. तिने आपल्या परीने नातवाची बाजू घेतली. "आई, टीव्हीवर आपलं गाव दाखवलं हो. गावकरी आगीशी जिबाकू करतायत म्हणाले."

झालं. नको तोच शब्द नेमका निघाला. आजी भिंतीकडे तोंड करून बसली.

या शब्दाशी तिचं वैर जुनं. एरवी तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी. धुण्याच्या ढिगाशी जिबाकू, परीक्षेशी जिबाकू, सणासुदीला बसमध्ये शिरायचं तरी जिबाकू. म्हणजे जीव तोडून झटणं, एवढंच. खुद्द जपानात तर त्याची आणखीच गंमत झालेली. तिथे कुणी बडबडीच्या भरात स्वतःचंच बिंग फोडलं की सोबतीचे हसून 'जिबाकू' म्हणतात, असं गालिहने परत आल्यावर सांगितलं होतं. सगळं घर हसलं होतं, आजी सोडून.

तिने तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा महायुद्ध चालू होतं, गावात जपानी शिपाई होते आणि शब्दाला एकच अर्थ होता. अंगाला स्फोटकं बांधायची, शत्रूच्या रणगाड्याखाली शिरायचं आणि त्याच्यासकट आपणही संपायचं. तिचा थोरला भाऊ दार्मो त्या तुकडीत गेला. निघताना तो असाच वाकला होता आणि आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. पुढे लढाई मिटली, जपानी गेले. दार्मो स्फोटात गेला, की तापाने, की आणखी कशाने, कुणी येऊन सांगितलं नाही. आईने मात्र मरेपर्यंत परत कुणाच्या डोक्यावर हात ठेवला नाही. 'या हाताने पोराला धाडलं,' म्हणायची.

आता त्या घरात हात ठेवणारी सुमिराच उरली होती, आणि नातू एकुलता एक.

गालिह भांडला नाही. तो पायरीवर जाऊन डोंगराकडे बघत बसला. रस्त्याने मोटरसायकलवरून पोरं जात होती. एकाने गाडी हळू करून विचारलं, "काय रे, आजीचा पदर सुटेना का?" दुसरा म्हणाला, "असू दे, त्याला अंगणातली पाखरं हाकू दे." गालिह खाली मान घालून ऐकत राहिला. आत आजीही ऐकत होती, आणि तिला ते झोंबत होतं.

दुपारी अंगणात वाळत घातलेल्या तंबाखूवर राख पडायला लागली. लास्त्रीने भाताच्या पुड्या टोपलीत रचल्या. तेव्हा आजी उठली.

"मला वर ने," ती गालिहला म्हणाली. "हे तुमचं जिबाकू असतं कसं, ते एकदा डोळ्यांनी बघू दे."

मांडीवर टोपली घेऊन, नातवाच्या कमरेला घट्ट धरून, म्हातारी मोटरसायकलवरून तंबाखूच्या शेवटच्या शेतापर्यंत गेली. तिथे उतरली आणि जागीच थांबली.

अख्खा उतार माणसांनी भरला होता. एका पाटाच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी गावं खांद्याला खांदा लावून कुदळी चालवत होती. गवत उपटून, माती उघडी करून त्यांनी डोंगरावर बैलगाडी जाईल एवढा रुंद पट्टा काढला होता, आणि तो नजर पोचेल तिथपर्यंत गेला होता. पट्ट्यापलीकडे बांबूच्या बेटाएवढी उंच आग उभी होती. तिच्या कडेला पोरं हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपत होती आणि शिव्याही हासडत होती. "अरे, विझवतोयस की वारा घालतोयस तिला?" बायका धुरातून पाण्याचे डबे पोचवत होत्या. एवढ्या आयुष्यात आजीने एवढं मोठं काही पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्याच गावच्या, ओळखीच्या, भांडखोर माणसांनी चालवलं होतं.

उंचवट्यावर या सगळ्यांचा म्होरक्या सार्वोको उभा होता. सगळी कामं तोच वाटत होता. त्याच्याशेजारी पोकळ बांबूचा मोठा ठोकळा टांगलेला होता.

"ही पोरं मागे कधी येतात?" आजीने विचारलं.

"वारा फिरला की. मी हा ठोकळा बडवला की हातातलं टाकून खाली पळायचं. ते कबूल करून घेतो आणि मगच कुदळ देतो."

"आणि एखादा नाही आला तर?"

"मग मी जाऊन त्याला कान धरून आणतो. कॉफी मिळत नाही त्याला."

आजी ठोकळ्याकडे बघत राहिली. दार्मोला सगळं शिकवलं होतं. सरपटायचं कसं, दोरी कधी ओढायची. रोज संध्याकाळी तो अंगणात तिला, धाकट्या बहिणीला, करून दाखवायचा. मागे कसं फिरायचं तेवढं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला परत बोलवायची कुणाला गरजच नव्हती.

ती बांधावर बसली आणि तिने पाय पुढे केले. "ये इकडे."

गालिह वाकला. तिचा हात त्याच्या डोक्यावर पडला. "जा. आणि बोलावलं की ये."

तो फांदी मोडून घेऊन रांगेत शिरला आणि धुरात दिसेनासा झाला.

आजी ठोकळ्यापाशी बसून राहिली. तिची नजर धुरावरून हलत नव्हती. सार्वोको खाली दोन गावांच्या पोरांची जुंपली होती ती सोडवायला गेला, आणि तेवढ्यात पलीकडे झुकलेला धूर सरळ उभा राहिला. मग अलीकडे वाकला. आजीने कुणाची वाट पाहिली नाही. ठोकळ्यापाशी पडलेली काठी उचलली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून बडवायला सुरुवात केली.

कुदळी पडल्या, फांद्या पडल्या, रांगच्या रांग उतारावरून धावत सुटली. पाठोपाठ आगीने पट्टा ओलांडला आणि माणसं उभी होती ती जागा गिळली. ठोकळ्याच्या वरच्या अंगाला दुसरा पट्टा होता. तिथे पोचून आग अडली, फुत्कारली आणि हळूहळू बसली. पाइप वाचले.

गालिह आला तेव्हा त्याचे फक्त दात ओळखू येत होते. तो आजीच्या पायाशी मटकन बसला. सार्वोकोने गावागावाची माणसं मोजून घेतली.

"सगळे आले, आजी."

आजी बडवतच होती.

"आजी, पुरे आता. एकही मागे राहिला नाही."

"आमच्याकडचा एक यायचाय अजून," ती म्हणाली.

कोण ते सार्वोकोला कळलं नाही, गालिहला कळलं. तो उठला, आजीच्या हातावर त्याने आपला हात ठेवला, आणि दोघं मिळून बडवायला लागली.