प्रेमलाबाईंच्या आवडीचं

प्रेमलाबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका आल्या. दोन-तीन भजनं झाल्यावर रंगुबाईंनी पेटीचा भाता थांबवला आणि मार्तंडरावांना विचारलं, "सर, आता बाईंच्या आवडीचं म्हनायचं. कंचं म्हनू?"

मार्तंडराव संगमनेरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, हे त्यांना अजूनही झोपेतून उठवून विचारावं. बायकोचं आवडतं गाणं मात्र त्यांना सांगता येईना. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

घरात गाणं कायम असायचं, पण ते भिंतीपलीकडे. भिंतीच्या अलीकडे हे प्रवासवर्णनं वाचत बसलेले. हिमालयातल्या खिंडी, कुठल्याशा बंदरावरची पहाट, सगळं आरामखुर्चीत. प्रेमलाबाई मंडळाबरोबर नेवाशाला, सिद्धटेकला, एकदा तर थेट काशीला जाऊन आल्या. दर वेळी विचारायच्या, "येताय का?" हे म्हणायचे, "आधी तिथलं जरा वाचतो." परत आल्यावर त्या काही सांगू लागल्या, की यांना वाटे, हे तर आपण वाचलंय. तसं कधी बोलून दाखवलं नाही. पण बोट पानात अडकवलेलं असायचं; तिला ते दिसत असणारच.

सकाळी कणीक मळताना ती एक भूपाळी म्हणायची. रोज. त्यांनी भीत भीत तीच सांगितली.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"ती व्हय? आवो, ती तर तुमच्या आवडीची," रंगुबाई म्हणाल्या. "नव्या लग्नात तुमी एकदा चांगली हाय म्हनला हुता. बाई म्हनायच्या, माझ्या गान्यातलं यांना तेवढं एकच कळलं, तर तेच ऐकवते रोज. आमी लई चिडवायचो त्यान्ला."

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. "मग तिला काय आवडायचं?"

"गवळन. बसमधी मागच्या शिटावर बसून म्हनायच्या. घाट लागला की हमखास. डायवर सुदिक गाडी हळू घ्यायचा."

बायकांनी गवळण धरली. चाल उडती होती, खट्याळ. राधा सासूला थाप मारून निघते, तिथं सगळ्यांनाच हसू आलं.

"हितं बाई डोळा मिचकवायच्या," कुणीतरी म्हणालं.

प्रेमलानं डोळा मिचकावलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते तोंड कसं दिसत असेल, याचा ते विचार करत राहिले आणि तेवढ्यात गवळण संपली. पुन्हा एकदा म्हणा, असं अगदी ओठांवर आलं.

"अजून म्हनू का काय, सर?" रंगुबाईंनी विचारलं.

"नको, तुम्हाला उशीर होईल," ते म्हणाले.

बायका बोलत बोलत निघाल्या. फाटकाबाहेर कुणीतरी तीच ओळ गुणगुणत होतं. मार्तंडराव दारात उभे राहून कान देत होते. बायका कोपऱ्यावर वळल्या, तरी त्यांना शब्द काही नीट लागले नाहीत.